गुठळीशी झुंजलेला सर्जन : डॉ. जॉन गिबन

मशीन बनवायचं म्हटलं की आपल्याला आधी पंप, मोटर, व्हॉल्व्ह आठवतात. पण त्यातून जे वाहणार, तेच वाटेत गोठलं तर? डॉ. जॉन गिबन यांचं उमेदीचं आयुष्य याच प्रश्नाशी झगडण्यात गेलं.

गिबन यांचा जन्म १९०३ सालचा, फिलाडेल्फियाचा. १९३०-३१ च्या सुमारास ते बोस्टनच्या हॉस्पिटलात होते. एका बाईच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली. गिबन रात्रभर तिच्या उशाशी बसून होते, पण ती वाचली नाही. शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देऊन ते परत आत सोडता येईल का, हा विचार तेव्हापासून डोक्यात बसला.

पण रक्त काचेला, धातूला लागलं की गोठायला लागतं. त्यावर इलाज हेपारिनचा. पत्नी मेरी यांच्यासोबत प्रयोग करून १९३५ मध्ये त्यांनी मशीनवर मांजर जगवून दाखवलं. महायुद्धानंतर आयबीएमचे इंजिनिअर मदतीला आले.

१९५२ मध्ये पंधरा महिन्यांच्या बाळावर पहिलं ऑपरेशन झालं. बाळ गेलं, निदानच चुकलं होतं. ६ मे १९५३ रोजी अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवताना हेपारिन कमी पडलं आणि मशीनच्या जाळ्यांवर गुठळ्या धरू लागल्या. तरी २६ मिनिटं मशीनने हृदय-फुप्फुसाचं काम केलं आणि मुलगी वाचली! जुलैमध्ये मात्र दोन लहान मुली दगावल्या. गिबन यांनी ते मशीन पुन्हा हाती घेतलं नाही. १९७३ मध्ये टेनिस खेळताना हृदयविकारानेच ते गेले.

पुढे इतरांनी काम चालू ठेवलं. आज ऑपरेशन चालू असताना रक्ताचा नमुना घेऊन तो किती सेकंदांत गोठतो ते पुन्हा पुन्हा मोजतात. मशीन सुरू करण्याआधी साधारण ४८० सेकंदांचा आकडा पाहतात. काम संपलं की प्रोटामिन देऊन हेपारिनचा परिणाम उतरवतात. तीन किलोच्या बाळात रक्त जेमतेम पाव लिटर. मशीनमध्ये आधी भरलेल्या द्रवाने ते पातळ होतं, गोठवणारे घटक विरळ होतात. हेपारिन कमी पडलं तर गुठळी, जास्त झालं तर रक्तस्राव. म्हणून तिथे मोजमाप जास्तच काटेकोर लागतं.

आपल्या वसई-विरारहून लेकराला घेऊन परळच्या हॉस्पिटलात जाणाऱ्या आईबापांना गिबन हे नाव ठाऊकही नसेल. पण इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये रीडिंग घेताना कंटाळा आला, तर आपण तरी त्यांना आठवूया.