बद्रुद्दीन तय्यबजी : बहुमताला लगाम घालणारा काँग्रेस अध्यक्ष

बोरीबंदर स्टेशनातून बाहेर पडले की समोर अंजुमन-ए-इस्लामची जुनी दगडी इमारत दिसते. १८७४ मध्ये ही संस्था उभी करणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. शिक्षणाच्या कामासाठी त्यांची आठवण निघते. काँग्रेसचे पहिले मुस्लिम अध्यक्ष म्हणूनही निघते. पण त्यांच्या आग्रहाने काँग्रेसने स्वतःवर घालून घेतलेला एक नियम मात्र विसरला गेला आहे.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा, मुंबईतला. घराणे सुलेमानी बोहरा, वडील खंबायतहून आलेले व्यापारी. बद्रुद्दीन कोवळ्या वयात विलायतेला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि तय्यबजी या त्रिकुटाने पुढे शहराचे राजकारण गाजवले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान. १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन याच तिघांनी काढली.

डिसेंबर १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच दिवसांत लखनौला सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसविरुद्ध जाहीर भाषण केले. निवडणुका आल्या की संख्येने मोठा समाज छोट्याला गिळणार, ही त्यांची भीती. तय्यबजींनी ती भीती खोटी ठरवली नाही. १८८८ मध्ये दोघांमध्ये पत्रव्यवहार झाला. मुसलमानांनी काँग्रेसमध्ये यावे आणि अहिताचा ठराव आला तर आत राहूनच तो अडवावा, अशी तय्यबजींची मांडणी होती. सर सय्यद यांना ती पटली नाही.

मग १८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनात तो नियम झाला. एखाद्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकमुखी किंवा जवळजवळ एकमुखी विरोध असेल, तर काँग्रेसने तो विषय सोडून द्यावा. नोकऱ्या, कर, कायदेमंडळे यांवर सगळ्यांनी मिळून बोलावे. पण एका समाजाला सरसकट नको असलेली गोष्ट दुसऱ्याने हात वर करून मंजूर करू नये. त्याच वर्षी तय्यबजींनी ह्यूम यांना आणखी पुढचे सुचवले होते : मुसलमानांचा विरोध इतका वाढला आहे, तर काँग्रेसची अधिवेशने निदान पाच वर्षे थांबवावीत. आपलाच पक्ष गुंडाळून ठेवा असे माजी अध्यक्षानेच म्हणावे, हे आज खरे वाटणार नाही. ह्यूम यांनी ते ऐकले नाही.

या नियमात एक उणीव होती. समाजातल्या ज्यांना काहीच बदलायचे नाही, त्यांच्याही हाती तो ढाल देत होता. समाजाचा विरोध म्हणजे बहुधा त्या समाजातल्या पुरुष पुढाऱ्यांचा विरोध; बायकांना कोण विचारत होते? १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलींसाठीची मर्यादा १० वरून १२ वर्षे झाली, पुण्यात रण माजले. तेव्हा सामाजिक प्रश्नांना हात लावायचा नाही या आपल्या जुन्या धोरणाप्रमाणे काँग्रेस बाजूलाच राहिली.

तय्यबजी स्वतः मात्र कायद्याची वाट पाहत बसले नाहीत. त्यांनी आपल्या मुलींना शाळेत घातले, पुढे शिकायला विलायतेलाही पाठवले. लादलेल्या सुधारणेला नकार आणि घरच्या सुधारणेला घाई, असा तो स्वभाव होता.

१८९५ मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. दोन वर्षांनी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि जामीन नाकारला गेला. संमतिवयाच्या कायद्याला कडाडून विरोध करणारे टिळक आणि नेमस्त सुधारक तय्यबजी यांचे राजकारण जुळण्यासारखे नव्हते. त्यातच १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर दोन्ही समाजांत कटुता आली होती. जामिनाचा अर्ज पुन्हा तय्यबजींपुढे आला आणि त्यांनी तो मंजूर केला. सरकारला ते रुचणारे नव्हते.

१९०३ मध्ये मुंबईत मुस्लिम शिक्षण परिषद भरली, अध्यक्षपदी तय्यबजी. तेथे त्यांनी पडद्याचा विषय काढला. कुराणाने सांगितले त्यापेक्षा कितीतरी कडक पडदा हिंदुस्थानात पाळला जातो, असे त्यांनी आपल्याच लोकांसमोर सांगितले. अनेकांना ते खटकले. कायदा करा, असे मात्र ते म्हणाले नाहीत.

ऑगस्ट १९०६ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. पार्थिव मुंबईत आणून दफन करण्यात आले. त्याच ऑक्टोबरमध्ये आगाखानांचे शिष्टमंडळ सिमल्याला व्हाइसरॉयांकडे स्वतंत्र मतदारसंघ मागायला गेले आणि डिसेंबरमध्ये ढाक्याला मुस्लिम लीग स्थापन झाली.