मेघांचें नामकरण करणारे ल्यूक हॉवर्ड

ज्येष्ठ महिना लागला कीं महाड-पोलादपूरकडील आपण सारे वर पाहूं लागतों. शेतकरी पेरणीसाठीं पाहतो, घरची बाई वाळवणासाठीं पाहते आणि सावित्रीच्या काठीं राहणारा पुराच्या भीतीनें पाहतो. २००५ व २०२१ या सालांतील जुलै महिने ज्यांनीं येथें काढिले, त्यांस काळ्या मेघाचा अर्थ निराळा सांगावयास नको. परंतु ज्यांस आपण नुसतें ढग म्हणतों त्यांच्या जाति ओळखतां येतात आणि त्यांस जगभर एकच नांवें आहेत. ही गोष्ट ज्या गृहस्थांमुळें घडली त्यांचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें, म्हणून तें येथें थोडक्यांत देत आहों.

ल्यूक हॉवर्ड यांचा जन्म २८ नोव्हेंबर १७७२ रोजीं लंडन येथें एका क्वेकर कुटुंबांत झाला. शाळेंत त्यांस लॅटिन व्याकरणच फार घोकावें लागलें. १७८३ सालीं आइसलंडांतील लाकी ज्वालामुखीचा स्फोट होऊन युरोपचें आकाश कित्येक आठवडे धुरकट झालें, आणि त्याच ऑगस्टांत एक प्रचंड उल्का इंग्लंडावरून गेली. ल्यूक त्या वेळीं दहा वर्षांचे होते. पुढें वडिलांनीं त्यांस एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस ठेविलें, आणि औषधी रसायनें तयार करणें हाच त्यांचा धंदा झाला. ढग पाहणें हें फावल्या वेळचें काम. पण तें त्यांनीं कधीं सोडिलें नाहीं.

१८०२ सालच्या डिसेंबरांत आस्केशियन सोसायटी या लहानशा मंडळापुढें त्यांनीं आपला निबंध वाचिला. ढग क्षणोक्षणीं पालटतात, त्यांस कसला नियम, असा तेव्हां समज होता. हॉवर्ड यांनीं दाखविलें कीं, रूपें असंख्य दिसलीं तरी मूळ प्रकार थोडेच आहेत. केसांच्या बटेसारखा तो सिरस, ढिगासारखा तो क्युम्युलस आणि चादरीसारखा पसरलेला तो स्ट्रेटस. यांच्या मिश्रणांसहि त्यांनीं नांवें दिलीं, व पाऊस देणाऱ्यास निंबस म्हटलें. ढगाचें रूप हवेंतील ठराविक कारणांनीं बदलतें, हें त्यांच्या निबंधाचें सार होय.

त्याच वर्षीं फ्रान्समध्यें लामार्क यांनीं फ्रेंच नांवें सुचविलीं होतीं, पण तीं रुजलीं नाहींत. लॅटिन ही कोणा एका राष्ट्राची भाषा उरली नव्हती. म्हणून हॉवर्ड यांचीं नांवें सर्वांस घेतां आलीं. शाळेंतलें घोकलेलें असें कामास आलें!

जर्मन महाकवि गटे यांनीं त्यांच्या गौरवार्थ काव्य रचिलें व त्यांचें चरित्र मागविलें, तेव्हां कोणी थट्टा करीत असावें असेंच या विनयी गृहस्थांस प्रथम वाटलें. १८२१ सालीं ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. शहराची हवा भोवतालच्या खेड्यांहून उबदार असते, हें त्यांनीं लंडनच्या हवामानावरील आपल्या ग्रंथांत दाखविलें. नेपोलियनच्या युद्धांत होरपळलेल्या जर्मन जनतेच्या साह्यार्थहि ते झटले. २१ मार्च १८६४ रोजीं त्यांचें निधन झालें.

पुढें राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी यांनीं दोनदां पृथ्वीप्रदक्षिणा करून ढगांचे प्रकार सर्वत्र सारखेच असल्याची खात्री करून घेतली. १८९६ सालीं आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह निघाला. आतां मुख्य प्रकार दहा मानितात. हें काम अजून संपलें नाहीं. खालून पाहतां खवळलेल्या समुद्रासारखा दिसणारा ॲस्पेरिटास हा विलक्षण ढग निरनिराळ्या देशांतील हौशी निरीक्षकांच्या छायाचित्रांमुळें २०१७ सालीं त्या संग्रहांत आला.

बालमित्रहो, रायगडाच्या माथ्यावर किंवा महाबळेश्वराच्या डोंगरावर टेकलेला ढग कोणत्या जातीचा, हें रोज एका वहींत टिपून ठेवा. एकट्या ढगावरून पुराचें भाकीत करतां येत नाहीं; त्यासाठीं हवामानखात्याची सूचना पाळलीच पाहिजे. परंतु ज्यास आकाश वाचण्याची संवय आहे, तो ती सूचना ऐकून स्वस्थ बसणार नाहीं, आणि शेजाऱ्यासहि वेळेवर जागें करील, अशी आम्हांस आशा आहे.