टॉमी फ्लॉवर्स

थॉमस हॅरल्ड फ्लॉवर्स (२२ डिसेंबर, १९०५:पॉपलर, लंडन, इंग्लंड - २८ ऑक्टोबर, १९९८:मिल हिल, लंडन) हे ब्रिटिश टपाल खात्यातील दूरध्वनी अभियंते होते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचे पकडलेले सांकेतिक दूरमुद्रक संदेश अतिवेगाने वाचून त्यांची छाननी करणारे कोलोसस हे यंत्र त्यांनी उभारले. हजारांहून अधिक निर्वात नलिका (व्हॉल्व्ह) एकत्र जोडून अंकीय गणन करता येते, हे या यंत्राने प्रथमच दाखवून दिले. मात्र गोपनीयतेच्या बंधनामुळे सुमारे ३० वर्षे त्यांचे नाव या कामाशी जोडले गेले नाही.

== प्रारंभिक जीवन ==
फ्लॉवर्स यांचा जन्म पूर्व लंडनमधील कामगार वस्तीत एका गवंड्याच्या घरी झाला. वुलिच येथील शाही शस्त्रागारात यांत्रिक अभियांत्रिकीची उमेदवारी करीत असतानाच त्यांनी रात्रीच्या वर्गांना हजेरी लावून लंडन विद्यापीठाची विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९२६मध्ये ते टपाल खात्याच्या दूरसंचार शाखेत रुजू झाले आणि १९३०मध्ये डॉलिस हिल येथील संशोधन केंद्रात गेले. १९३५मध्ये त्यांचा विवाह आयलीन ग्रीन यांच्याशी झाला. या दांपत्याला दोन मुलगे होते.

त्या काळी दूरध्वनी केंद्रांत जोडणीचे काम रिले आणि फिरते यांत्रिक स्विच करीत असत. हे काम व्हॉल्व्हवर सोपवता येईल का, याचा शोध फ्लॉवर्स १९३५च्या सुमारास घेऊ लागले. व्हॉल्व्ह नाजूक असतात व वारंवार जळतात, असा सर्वसाधारण समज होता. रेडिओसंच रोज चालू-बंद होत असल्याने तो समज खोटाही नव्हता. परंतु व्हॉल्व्ह अखंड चालू ठेवले, तर ते दीर्घकाळ बिनतक्रार चालतात, हे फ्लॉवर्स यांना प्रत्यक्ष अनुभवातून कळले होते. त्यांच्या पुढील सर्व कामाचा पाया या साध्या निरीक्षणात आहे.

== संदेश पकडण्याची यंत्रणा ==
जर्मन लष्कराचे वरिष्ठ मुख्यालय आपले संदेश लॉरेन्झ सांकेतन यंत्राने गुप्त करून रेडिओ दूरमुद्रकावरून पाठवीत असे. हे यंत्र प्रसिद्ध एनिग्मापेक्षा वेगळे होते. त्यात १२ चक्रे असून प्रत्येक अक्षर पाच संकेतांचे असे. केंट परगण्यातील नॉकहोल्ट येथे हे रेडिओ संदेश टिपले जात. तेथे ते छिद्रित कागदी फितींवर उतरवून ब्लेचली पार्क येथील संकेतभेद केंद्राकडे धाडले जात. एकाच किल्लीने दोनदा पाठवलेला सुमारे ४,००० अक्षरांचा एक संदेश ऑगस्ट १९४१मध्ये हाती लागला. जॉन टिल्टमन यांनी तो उलगडला. त्या आधारे बिल टट यांनी, एकदाही यंत्र न पाहता, त्याची संपूर्ण रचना शोधून काढली.

संदेश पकडणे जमले होते. अडचण होती ती वेळेची. टट यांच्या पद्धतीनुसार पहिल्या दोन चक्रांच्या ४१ × ३१, म्हणजे १,२७१ आरंभस्थितींपैकी प्रत्येकीसाठी संपूर्ण संदेश तपासून जुळणाऱ्या खुणा मोजाव्या लागत. हाताने हे काम केल्यास माहिती उपयोगी पडण्याचा काळच उलटून जाई. म्हणून गणितज्ञ मॅक्स न्यूमन यांच्या सूचनेवरून हीथ रॉबिन्सन नावाचे यंत्र १९४३मध्ये बनवण्यात आले. त्यात एक फीत संदेशाची आणि दुसरी चक्रांच्या नमुन्यांची असे. दोन्ही फिती तंतोतंत एका लयीत धावणे आवश्यक होते. पण वेग वाढवताच कागद ताणला जाई, फाटे आणि मोजणी चुके.

== कोलोसस ==
अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या ओळखीने फ्लॉवर्स या कामात आले. दोन फितींचा मेळ घालण्याचा प्रयत्नच त्यांनी सोडून दिला. चक्रांचे नमुने व्हॉल्व्हच्या मंडलांतच निर्माण केले, तर फीत एकच उरते आणि मेळ घालण्याचा प्रश्न राहत नाही. शिवाय वेळेचे ठोके त्यांनी फितीवरील मार्गदर्शक छिद्रांतूनच घेतले. त्यामुळे फीत किंचित वेगाने वा संथ धावली, तरी यंत्र आपोआप तिच्या चालीने चाले. फीत दातेरी चाकांऐवजी गुळगुळीत कप्प्यांवरून ओढली जाई आणि छिद्रे प्रकाशविद्युत घट वाचीत.

या योजनेला सुमारे १,६०० व्हॉल्व्ह लागणार होते. इतके व्हॉल्व्ह एकत्र चालतील यावर ब्लेचली पार्कमधील वरिष्ठांचा विश्वास बसला नाही. त्यांनी हीथ रॉबिन्सनची वाट धरली आणि फ्लॉवर्स यांना स्वतःच्या जबाबदारीवर काम करू दिले. डॉलिस हिलचे प्रमुख गॉर्डन रॅडली यांनी मात्र त्यांना पाठबळ दिले. फ्लॉवर्स यांनी काही खर्च स्वतःच्या खिशातून केला. यंत्रासाठी खास सुटे भाग घडवण्यास ना पैसा होता ना अवधी. त्यामुळे रिले, स्विच, सांगाडे आणि जोडणीचे फलक असे बहुतेक साहित्य दूरध्वनी केंद्रांत नेहमी वापरले जाणारेच होते. टंचाईतून केलेली ही निवड यंत्राच्या पथ्यावर पडली, असे म्हणावे लागेल. हे भाग खात्याच्या तंत्रज्ञांच्या हातात मुरलेले होते आणि त्यामुळे पुढील यंत्रे भराभर बांधता आली.

सुमारे ११ महिन्यांत, डिसेंबर १९४३मध्ये, यंत्र डॉलिस हिल येथे चालू झाले. जानेवारी १९४४मध्ये ते ब्लेचली पार्क येथे पोहोचले आणि ५ फेब्रुवारी रोजी त्याने पहिला खरा संदेश हाताळला. ते सेकंदाला ५,००० अक्षरे वाचीत असे. चाचणीत वेग ९,७०० अक्षरांपर्यंत नेला असता फीत फाटून तिचे तुकडे उडाले. म्हणजे मर्यादा व्हॉल्व्हची नसून कागदाची होती. दुसऱ्या आवृत्तीत सुमारे २,४०० व्हॉल्व्ह होते आणि पाच तपासण्या एकाच वेळी होत. १०,००० अक्षरांच्या संदेशाच्या १,२७१ फेऱ्यांना पहिल्या यंत्रावर सुमारे ४२ मिनिटे लागत असतील, तर दुसऱ्यावर साडेआठ मिनिटे पुरत. ही आवृत्ती १ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीवरील चढाईच्या पाच दिवस आधी, कार्यरत झाली. आदल्या रात्रीपर्यंत ती नीट चालत नव्हती. बिल चँडलर यांनी रात्रभर जागून मंडलांतील अनिष्ट आंदोलने दूर केली. युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रे काम करीत होती.

== युद्धोत्तर काळ ==
युद्धानंतर बहुतेक यंत्रे मोडण्यात आली. आदेशानुसार फ्लॉवर्स यांनी कोलोससचे आराखडे व कागदपत्रे डॉलिस हिलच्या भट्टीत जाळली. सरकारने त्यांना १,००० पौंडांचे बक्षीस दिले. त्यातून त्यांचा स्वतःचा खर्चही भरून निघाला नाही. तरीही त्यांनी ती रक्कम सहकाऱ्यांत वाटली. पुढे तशाच प्रकारचे यंत्र बांधण्यासाठी त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडे कर्ज मागितले. असे यंत्र चालणारच नाही, या समजुतीने ते नाकारण्यात आले. आपण अशी यंत्रे आधीच चालवली आहेत, हे सांगण्याची त्यांना मुभा नव्हती.

टपाल खात्यात ते इलेक्ट्रॉनिक दूरध्वनी केंद्रांवर काम करीत राहिले. हायगेट वुड येथील १९६२चे प्रायोगिक केंद्र यशस्वी झाले नाही. १९६४मध्ये खाते सोडून ते स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीत गेले व १९६९मध्ये निवृत्त झाले. कोलोससची छायाचित्रे १९७५मध्ये खुली झाल्यावर त्यांचे कार्य प्रकाशात येऊ लागले. १९७७मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९९३मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, त्यांनी हेंडन येथील महाविद्यालयातून वैयक्तिक संगणक वापरण्याच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र मिळवले. टोनी सेल यांच्या पुढाकाराने पुन्हा उभारलेले कोलोसस जून १९९६मध्ये ब्लेचली पार्क येथे सुरू करण्यात आले, तेव्हा फ्लॉवर्स तेथे उपस्थित होते.