डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव आणि औषधांचा दुसरा गुण



अँटिबायोटिक म्हटले की जंतू मारणारे औषध एवढाच अर्थ आपल्या मनात येतो. घसा बसला, जखम चिघळली की डॉक्टर ते लिहून देतात. परंतु यांपैकी काही औषधांत आणखी एक गुण दडलेला आहे. जेथे मारायला जंतूच नाहीत तेथेही ती सूज आणि दाह कमी करू शकतात. या गुणाचा उपयोग दुखण्यावर करता येईल का, याचा शोध अनेक वर्षे चालू आहे. अशा औषधांच्या टेट्रासायक्लिन या घराण्यातील पहिले औषध ज्या प्रयोगशाळेतून बाहेर पडले, तिच्या संशोधनाची सूत्रे भीमावरमच्या एका तेलुगू माणसाच्या हाती होती. हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींना भीमावरम एका रात्रीच्या प्रवासाचे. म्हणून या अंकात आम्ही डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे चरित्र देत आहोत.

सुब्बाराव यांचा जन्म 12 जानेवारी 1895 रोजी भीमावरम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शाळेत त्यांचे मन रमत नसे. केळी विकून पैसे मिळवावेत म्हणून ते काशीला पळून निघाले होते आणि आईने त्यांना परत आणून पुन्हा शाळेत बसवले, असे सांगतात. वडील गेल्यावर आईनेच खस्ता खाऊन शिक्षण चालू ठेवले. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पहिल्या चाचणीत गुण कमी पडले म्हणून खचून जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मद्रासला महाविद्यालयात असताना त्यांचा ओढा रामकृष्ण मिशनकडे होता. संन्यास घेण्याऐवजी त्यांनी वैद्यकाची वाट धरली. गांधीजींच्या हाकेला ओ देऊन ते वैद्यकीय महाविद्यालयात खादी घालू लागले. हे शस्त्रक्रियेच्या इंग्रज प्राध्यापकांना रुचले नाही आणि शेवटी सुब्बारावांना एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. ही खालची पदवी मिळाली. त्याच सुमारास घरावर मोठा आघात झाला. 1921 साली त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने संग्रहणीने गेले. या रोगात आतड्यांतून अन्न अंगी लागत नाही, रक्त कमी होते आणि माणूस झिजत जातो. डॉक्टरांपाशी त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. पुढे सुब्बाराव स्वतः आजारी पडले तेव्हा डॉ. आचंट लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते बरे झाले. त्यानंतर मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात ते शरीररचनाशास्त्र शिकवत असत.

1923 साली सासऱ्यांच्या मदतीने ते अमेरिकेत बोस्टनला पोहोचले. पत्नी भारतातच राहिल्या. त्यांचे परत येणे मात्र कधीच झाले नाही. हार्वर्डला शिकताना पोटासाठी ते रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करत. तेथे सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी रक्त आणि लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. 1925 सालची ही पद्धत फिस्के-सुब्बाराव पद्धत म्हणून जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी आजही शिकतात. या मोजमापातूनच स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हाती लागले आणि 1929 साली त्यांनी ए.टी.पी. हा पदार्थ वेगळा केला. जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही तो त्याच वर्षी स्वतंत्रपणे सापडला. आपल्या पेशींची सगळी कामे ज्या शक्तीवर चालतात, ती पुरवणारा हा पदार्थ. एवढे काम करूनही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही. 1940 साली ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

पुढची आठ वर्षे वाचताना आम्ही थक्क झालो. 1945 साली त्यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिड हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले. उष्ण प्रदेशातील संग्रहणीवर आणि त्यातून येणाऱ्या रक्तक्षयावर ते गुणकारी ठरले. ज्या रोगाने दोन भाऊ नेले, त्यावरचे औषध असे हाती आले. मग फॉलिक अ‍ॅसिडच्या कामात अडथळा आणणारे पदार्थ त्यांच्याकडे तयार झाले. त्यांतील अ‍ॅमिनोप्टेरिन बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या 16 मुलांना दिले. त्यांतील 10 मुलांचा रोग काही काळ ओसरला. याच पदार्थाचे धाकटे भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. हत्तीरोगावर आपल्या देशात ज्या गोळ्या घरोघर वाटल्या गेल्या, ते डायएथिलकार्बामॅझिनही याच प्रयोगशाळेचे.

पेनिसिलिन सर्व प्रकारच्या जंतूंवर चालत नाही, हे तेव्हा ध्यानात आले होते. म्हणून मातीतील सूक्ष्मजीवांतून नवे औषध शोधण्याचे काम लेडर्लेने हाती घेतले. सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर हे काम पाहत. मिसुरी विद्यापीठाच्या शेतातून आलेल्या मातीच्या नमुन्यात त्यांना सोनेरी रंगाचा एक सूक्ष्मजीव मिळाला. त्यापासून झालेले औषध म्हणजे ऑरिओमायसिन, टेट्रासायक्लिन घराण्यातील पहिले. जुलै 1948 मध्ये ते जगापुढे आले. शोधनिबंधावर नाव डगर यांचे होते. पुढच्याच महिन्यात सुब्बाराव झोपेत हृदयविकाराने गेले. वय अवघे 53.

त्यांच्या औषधांचे दुसरे गुण उलगडत गेले ते त्यांच्या मागे. 1951 साली डॉ. रिचर्ड गब्नर यांना दिसले की अ‍ॅमिनोप्टेरिनने सांध्यांची सूज आणि त्वचेवरील सोरायसिस उतरते. त्यातून पुढे मेथोट्रेक्सेटची अल्प मात्रा आमवातावर वापरात आली. 1988 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यासाठी मान्यता दिली आणि आज आमवाताचा उपचार बहुधा याच औषधाने सुरू होतो. मात्र मेथोट्रेक्सेट अँटिबायोटिक नव्हे.

खऱ्या अँटिबायोटिकची गोष्ट 1983 सालची. न्यूयॉर्क राज्यातील दंतसंशोधक लॉर्न गोलब यांनी मधुमेही उंदरांवर प्रयोग केले. त्यांना आढळले की टेट्रासायक्लिन घराण्यातील मिनोसायक्लिन हे हिरड्यांचे तंतू तोडणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, आवर घालते. हिरड्यांत जंतू मुळीच नसले तरीही हा परिणाम दिसला. यावरून त्याच घराण्यातील डॉक्सिसायक्लिनची 20 मिलिग्रॅमची गोळी निघाली. नेहमीची मात्रा 100 मिलिग्रॅमची. इतक्या कमी मात्रेने जंतू मरत नाहीत, पण हिरड्यांची झीज मंदावते. 1998 साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. आमवाताच्या 219 रुग्णांवर मिनोसायक्लिनचा 48 आठवड्यांचा प्रयोग 1995 साली प्रसिद्ध झाला. त्यात सांध्यांची सूज आणि दुखणे कमी झाले, पण फरक माफकच होता. नसांच्या दुखण्यात मज्जारज्जूतील काही पेशी खवळतात. मिनोसायक्लिनने त्या शांत होतात, हे उंदरांवर दिसून आले. माणसांवरील प्रयोगांत मात्र तसे यश अजून पदरी पडलेले नाही. कंबरदुखीवर अमॉक्सिसिलिन देऊन पाहणारा नॉर्वेतील 180 रुग्णांचा प्रयोग 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यातही सांगण्याजोगा फायदा दिसला नाही.

हे सारे आम्ही एवढ्या विस्ताराने का लिहितो? आपल्या घरांत दाढ ठणकली, गुडघा सुजला की मागच्या वेळची उरलेली गोळी काढून घेण्याची सवय आहे. औषधाच्या दुकानातून विचारून कॅप्सूल आणण्याचीही आहे. अँटिबायोटिकने दाह कमी होतो एवढे अर्धवट ऐकून कोणी असे करू लागले तर घात होईल. विनाकारण घेतलेल्या अँटिबायोटिकने जंतू निर्ढावतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी तेच औषध निकामी ठरते. टेट्रासायक्लिनमुळे लहान मुलांच्या वाढत्या दातांवर कायमचे डाग पडू शकतात. म्हणून आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेतात त्यांनीही लक्ष ठेवावे. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

सुब्बाराव यांना नोबेल मिळाले नाही. त्यांच्या नावाने एका बुरशीच्या प्रजातीचे नामकरण झाले आणि 1995 साली, जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. त्यांनी औषधे दिली, पण त्या औषधांत आणखी काय दडले आहे ते पाहायला त्यांना आयुष्य पुरले नाही. ते काम पुढच्यांनी मोजून, पडताळून केले आणि अजून संपलेले नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ते पुढे नेले तर आम्हांला धन्यता वाटेल.

12 जानेवारीला आपण राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती साजरी करतो. त्याच दिवशी जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे नावही प्रार्थनेच्या वेळी घेतले जावे, अशी आमची शिक्षकांना आणि विश्वस्तांना विनंती आहे. डॉ. सुब्बाराव यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.