डॉ. पी. के. सेन आणि मरणोत्तर मूत्रपिंड प्रत्यारोपणाचे यश

प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ मध्ये कोलकात्यात झाला, पण ते वाढले नागपुरात. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते केईएम रुग्णालयात शल्यचिकित्सक झाले. १९५० च्या दशकात त्यांनी तेथे हृदयाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या.

मे १९६५ मध्ये केईएममध्येच मृत दात्याचे मूत्रपिंड बसवण्याचा भारतातील पहिला प्रयत्न झाला. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. सेन यांच्या पथकाने हृदय प्रत्यारोपण केले. जगातील पहिल्या हृदय प्रत्यारोपणाला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते. रुग्णाच्या फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला होता. नव्या हृदयाला तो भार पेलला नाही आणि रुग्ण काही तासांतच दगावला. त्याच वर्षीचा दुसरा प्रयत्नही टिकला नाही.

१९६९ मध्ये डॉ. सेन यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा देशात १९९४ मध्ये आला. शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठीची आजची प्रभावी औषधेही त्यांच्या उमेदीच्या काळात नव्हती.

आज यश कशावर ठरते?

* दाता: त्याचे वय, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि क्रिएटिनिन पाहिले जाते. मेंदूमृत दात्याचे हृदय चालू असल्याने मूत्रपिंडाला शेवटपर्यंत रक्त मिळते.
* वेळ: काढलेले मूत्रपिंड थंड द्रावणात जितका कमी वेळ राहील तितके चांगले.
* जुळणी: रक्तगट आणि क्रॉसमॅच तपासणी महत्त्वाची. आधी रक्त चढवले असेल, गर्भारपण किंवा प्रत्यारोपण झाले असेल, तर शरीरात विरोधी प्रतिपिंडे असू शकतात.
* रुग्ण: हृदयाची स्थिती, जंतुसंसर्ग आणि डायलिसिसवर गेलेली वर्षे यांचाही परिणाम होतो.
* औषधे: बरे वाटले तरी गोळ्या बंद करू नयेत. चुकलेल्या गोळ्यांमुळे चांगले चाललेले मूत्रपिंडही निकामी होऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंड लगेच लघवी तयार करू लागले नाही, तर घाबरू नका. मरणोत्तर मूत्रपिंडाला जागे व्हायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर डायलिसिस करावे लागू शकते.

गोंदियातील रुग्णांसाठी

विदर्भातील प्रतीक्षायादी नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते. नोंदणी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत होते. बोलावणे रात्री-अपरात्रीही येऊ शकते. त्यामुळे फोन चालू ठेवा, नंबर बदलल्यास कळवा, तपासण्या वेळच्या वेळी करा आणि नागपूरला जाण्याची गाडी व सोबतचा माणूस आधीच ठरवून ठेवा. गोंदियाहून पोहोचण्यात वाचलेला प्रत्येक तास त्या मूत्रपिंडाच्या कामी येतो.