दृष्टी गेली, शोध थांबला नाही : लिओनार्ड ऑयलर

लिओनार्ड ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते; मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बर्नुली या थोर गणितज्ञाने मुलाची बुद्धी ओळखून वडिलांचे मन वळवले. १७२७ साली ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीत दाखल झाले.

१७२९ मध्ये त्यांचे स्नेही गोल्डबाख यांनी पत्रातून त्यांचे लक्ष एका जुन्या मताकडे वेधले. २ चा १, २, ४, ८, १६ असा दुपटीने वाढणारा घात घेऊन त्यात १ मिळवला, की मूळ संख्याच मिळते, म्हणजे १ व ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही पूर्ण भाग जात नाही, असे फ्रान्सचे पिएर द फर्मा यांचे मत होते. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाच संख्यांपर्यंत ते खरे ठरत होते. पुढची संख्या ४,२९,४९,६७,२९७. फर्मांपाशीही सिद्धता नव्हती. तरीही त्यांच्या नावाच्या दबदब्यामुळे हे मत सुमारे नव्वद वर्षे टिकून राहिले.

ऑयलर यांनी ते तपासले. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे, हे मर्म त्यांनी पुढे सिद्धही केले. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या संख्येशी उत्तर सापडते : ६४१ गुणिले ६७,००,४१७. १७३२ साली, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी हे जगापुढे मांडले आणि एका थोर पुरुषाचे मत साध्या भागाकारापुढे कोसळले.

पुढे नियतीने त्यांची कठोर परीक्षा घेतली. तिशीतच उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. बर्लिनमध्ये पंचवीस वर्षे काढून १७६६ साली ते सेंट पीटर्सबर्गला परतले आणि लवकरच मोतीबिंदूने डावा डोळाही निकामी केला. १७७१ च्या आगीत घर जळाले. तरी १७७२ साली त्यांनी कळवले, की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ आहे. त्यासाठी ४६,३३९ पर्यंतचे सर्व संभाव्य विभाजक पडताळले होते.

याच काळात बीजगणितावरील आपला ग्रंथ त्यांनी एका तरुण मदतनिसाला सांगून लिहवून घेतला. तो तरुण शिंपीकाम शिकलेला होता. गणिताचे पूर्वसंस्कार त्याच्यावर नव्हते. लिहिता लिहिता तो बीजगणित शिकला. १८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर यांनी जगाचा निरोप घेतला.

आपल्या शाळेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. सांगणारा कितीही थोर असो, त्याचे म्हणणे स्वतः पडताळून पाहावे. आणि जो समजावून सांगतो, त्याच्यापुढे शिंप्याचा उमेदवारही गणिताचा विद्यार्थी होऊ शकतो.