सुरांचा संसार : खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

थोर कलावंतांची चरित्रे लिहिताना त्यांच्या कलेविषयी भरभरून लिहिले जाते आणि त्यांच्या संसाराविषयी दोन ओळींत उरकले जाते. किराणा घराण्याचे अध्वर्यू खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या बाबतीत असे करून चालत नाही. त्यांचे गाणे आणि त्यांचे घर ही एकमेकांत इतकी मिसळलेली आहेत की एकाला बाजूला सारून दुसऱ्याची गोष्ट सांगताच येत नाही. मैफली, ध्वनिमुद्रिका, शिष्य आणि गाणारी मुलेबाळे यांनी भरलेला असा संसार आपल्याकडे क्वचितच कोणी उभा केला असेल. तो मोडल्यावरही त्यातला सूर मात्र मोडला नाही. या माणसाच्या आयुष्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच आहे.

अब्दुल करीम यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर हिंदुस्थानातील किराणा या गावी झाला. हे गाव आजच्या उत्तर प्रदेशात आहे. घराणे गवय्यांचे, बीनकारांचे आणि सारंगियांचे. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे लहानपणीच तालीम सुरू झाली. गळ्याबरोबरच हातही वाद्यावर बसला. सारंगी आणि बीन ही वाद्ये त्यांना येत होती आणि सुराकडे पाहण्याची त्यांची सूक्ष्म दृष्टी घडवण्यात या वाद्यांचा वाटा मोठा असावा. तारेवर सूर किंचित ढळला तरी तो कानाला टोचतो. ही टोचणी त्यांच्या कानात जन्मभर राहिली.

तरुण वयात भाऊ अब्दुल हक यांच्यासह ते संस्थाने हिंडत बडोद्यास आले. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात त्या काळी गुणी माणसांना आश्रय होता. दोघा भावांना दरबारात स्थान मिळाले. येथेच राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई अब्दुल करीमांकडे गाणे शिकू लागली. गुरू मुसलमान गवई आणि शिष्या मराठा सरदाराची मुलगी. एकोणिसावे शतक सरत आलेले. या दोघांनी एकत्र आयुष्य काढायचे ठरवले, तेव्हा बडोदे सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. दरबारची नोकरी गेली, प्रतिष्ठा गेली, नातेवाईक दुरावले. एक तंबोरा आणि गळा एवढ्या भांडवलावर दोघे दक्षिणेकडे निघाले. ताराबाईंनी त्या दिवशी काय सोडले असेल, याचा विचार आपण आज फारसा करत नाही. तो करायला हवा.

पुढे या कुटुंबाचे पाय मिरजेला लागले. मिरज हे तेव्हाही तंतुवाद्यांचे गाव होते आणि तेथील तंबोऱ्यांची ख्याती दूरवर पसरलेली होती. प्लेगच्या साथीत खाँसाहेब तेथे आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा केली आणि ते बरे झाले, असे मिरजेत सांगतात. तेव्हापासून मीरासाहेबांवर त्यांची श्रद्धा जडली ती कायमची. फिरस्तीच्या आयुष्यात त्यांनी अनेक गावे पाहिली, पण घर म्हणून मनात राहिले ते मिरजच.

याच भागातल्या वास्तव्यात त्यांच्या गायकीला नवे वळण मिळाले. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ हे सर्कसवाले विष्णुपंत छत्रे यांच्या आश्रयाने याच मुलखात वावरत होते. त्यांच्या सुरेल, भावपूर्ण गाण्याचा अब्दुल करीमांवर खोल परिणाम झाला असे जाणकार मानतात. दुसरा परिणाम दक्षिणेचा. म्हैसूर दरबारात त्यांचे जाणे-येणे होते. कर्नाटक संगीत त्यांनी मन लावून ऐकले, तेथील सरगमची पद्धत आपल्या ख्यालात आणली आणि त्यागराजांची कृतीही गाऊन ध्वनिमुद्रित केली. उत्तरेच्या गवयाने दक्षिणेच्या गाण्याकडे इतक्या आदराने पाहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. नाव विद्यालयाचे असले तरी वळण गुरुगृहाचेच होते. मुलांनी तेथेच राहायचे, जेवायचे आणि पहाटेपासून खर्ज लावायचा. फीचे पैसे देणारे शिष्य थोडे आणि जेवणारी तोंडे अधिक, अशी स्थिती. म्हणून खर्चाची तोंडमिळवणी जलशांतून करावी लागे. गावोगाव तिकिटे लावून कार्यक्रम करायचे, त्यात शिष्यांनी गायचे, घरच्या मुलांनी गायचे आणि शेवटी खाँसाहेबांनी गायचे. या साऱ्या गोतावळ्याची व्यवस्था पाहण्याचा भार ताराबाईंवर होता. गवयाच्या बैठकीची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. त्या बैठकीमागे जी चूल पेटलेली असते, तिच्याविषयी मात्र कोणी लिहीत नाही.

खाँसाहेबांचा संगीताचा ध्यास किती टोकाचा होता, याच्या अनेक हकिकती त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी १९७२ साली लिहिलेल्या चरित्रात आल्या आहेत. तंबोऱ्याची जवारी ते स्वतः लावत आणि बिघडलेली वाद्ये स्वतः दुरुस्त करत. सांगलीचे कृ. ब. देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी श्रुतींचे संशोधन हाती घेतले तेव्हा या दोघांना गळ्यातून श्रुती दाखवून देणारे गायक लाभले ते अब्दुल करीमच. टिपू नावाच्या आपल्या कुत्र्यालाही त्यांनी सुरात सूर मिसळायला शिकवले होते आणि त्याला लोकांसमोर आणले होते. ही गोष्ट ऐकून हसू येते. परंतु ज्या घरात कुत्र्यालाही सूर लावायला शिकवले जाते, त्या घरातली मुले कशी वाढली असतील याची कल्पना त्यातून येते.

ती मुले पाच. अब्दुल रहमान, कृष्णा, चंपाकली, गुलाब आणि सकीना. थोरल्याचा जन्म १९०२ चा आणि धाकटीचा १९१३ चा. झोपेतही कानावर तंबोरा पडावा असे त्यांचे बालपण होते. थोरल्याला वडिलांनी तालीम दिली. चंपाकलीला मात्र मुख्य तालीम मिळाली ती वडिलांच्याच नात्यातले उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. मुलींनी मैफलीत गावे की नाही हा प्रश्न त्या काळी फार अवघड होता. गाणारी बाई म्हटली की समाजाच्या कपाळावर आठी उमटत असे. तरीही १९२१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांच्या मुंबईतील संगीत समारोहात ही मुलगी जाहीरपणे गायली.

आणि मग १९२२ साल उजाडले. ताराबाई पाचही मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. दोन माणसांमधल्या दुराव्याची कारणे तिऱ्हाइताने शोधू नयेत. दोघांपैकी एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. मात्र त्यानंतर जे घडले ते नोंदवणे भाग आहे. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान झाला सुरेशबाबू माने, कृष्णा झाला कृष्णराव माने, चंपाकली झाली हिराबाई बडोदेकर, गुलाब झाली कमलाबाई बडोदेकर आणि सकीना झाली सरस्वती, जिला पुढे महाराष्ट्राने सरस्वतीबाई राणे म्हणून ओळखले. ज्या बडोद्याने आईला बाहेर घालवले, त्याच बडोद्याचे नाव मुलींनी लावले. वडिलांचे नाव मात्र घराबाहेर राहिले.

नाव बदलता येते. गळा बदलता येत नाही. आईच्या पुढाकाराने या भावंडांनी संगीताचे विद्यालय काढले, नाटक मंडळी काढली. पुरुषांनी स्त्रीपार्ट करण्याच्या त्या काळात या मुलींनी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका स्वतः केल्या. नाटक मंडळीने कर्जही केले आणि हिराबाईंना ते मैफली करून फेडावे लागले. पण त्यांच्या मैफलींनी महाराष्ट्राची एक जुनी सवय मोडली. स्वच्छ नऊवारी किंवा साध्या साडीत, हातवारे न करता, शांतपणे बसून गाणाऱ्या हिराबाईंचे गाणे ऐकायला घरंदाज स्त्रिया तिकीट काढून येऊ लागल्या. पुढे १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. सरस्वतीबाईंनी १९४३ च्या ‘रामराज्य’ चित्रपटासाठी पार्श्वगायन केले आणि थोरल्या बहिणीबरोबर त्यांच्या जुगलबंदीच्या मैफलीही गाजल्या. सुरेशबाबूंनी फार प्रसिद्धी मिळवली नाही. १९५३ साली ते अकालीच गेले. पण त्यांच्या आणि हिराबाईंच्या तालमीतून प्रभा अत्रे यांच्यासारखी गायिका उभी राहिली. या साऱ्यांच्या गाण्यात संथ बढत, एकेका सुराची जपणूक आणि आलापीतले आर्जव होते. ऐकणाऱ्याला वडिलांचे नाव सांगावे लागत नव्हते.

इकडे खाँसाहेब मिरजेस राहू लागले. गोमंतकातून आलेल्या त्यांच्या शिष्या बानूबाई लाटकर, म्हणजेच सरस्वतीबाई मिरजकर, त्यांच्या आयुष्यात आल्या. नात्यातल्या रोशन आरा बेगम त्यांच्याकडे शिकल्या. शिष्य तर आधीपासूनच चहूकडे पसरले होते. त्यांतले रामभाऊ कुंदगोळकर हे सवाई गंधर्व म्हणून रंगभूमी आणि मैफल दोन्ही गाजवत होते. घर रिकामे झाले होते, पण गाणे थांबले नव्हते.

त्यांच्या या उत्तरायुष्याची सर्वांत मोठी देणगी म्हणजे ध्वनिमुद्रिका. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात, भोंग्यासमोर तोंड करून गावे लागे त्या काळात, त्यांनी आपला आवाज मुद्रित करू दिला होता. आवाज यंत्रात गेला की गळा जातो अशी धास्ती बाळगणारे आणि आपली विद्या चोरीला जाईल म्हणून भिणारे गवई तेव्हा कमी नव्हते. पुढे १९३० नंतरच्या दशकात, मायक्रोफोन आल्यावर, ओडियन कंपनीसाठी ते पुन्हा गायले. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे. ज्या गवयाला एक राग मांडायला तास अपुरा पडे, त्याने तीन मिनिटांत बसंत मांडला, झिंजोटीची ठुमरी गायली, भैरवी गायली. ‘मानापमान’ नाटकातले ‘चंद्रिका ही जणू’ हे पदही गायले. उर्दू वातावरणात वाढलेल्या माणसाने मराठी पद इतक्या प्रेमाने गावे, यात त्याचा या मातीशी जडलेला ऋणानुबंध दिसतो.

या लाखेच्या तबकड्या कोठे कोठे पोचल्या याचा हिशेब लागणार नाही. गदगच्या एका मुलाच्या कानी त्या पडल्या आणि असे गाणे आपल्याला यायलाच हवे या वेडाने तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. हिंदुस्थानभर वणवण करून अखेर तो शिष्य झाला तो खाँसाहेबांच्याच शिष्याचा, सवाई गंधर्वांचा. त्याच गुरूकडे गंगूबाई हनगल शिकल्या, फिरोज दस्तूर शिकले. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ पुण्यात १९५३ साली जो संगीत महोत्सव सुरू झाला, त्याचे मूळ शोधत गेले तर मिरजेच्या त्या तालमीपाशीच येऊन थांबावे लागते.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडे गेले होते. तेथून पाँडिचेरीला जाण्यासाठी ते आगगाडीत बसले. वाटेत छातीत दुखू लागले म्हणून सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर उतरले. फलाटावर बिछाना घातला गेला. त्यांनी तंबोरा लावून घेतला, नमाज पढला आणि दरबारीच्या सुरांत ईश्वराचे नाव घेत २७ ऑक्टोबर रोजी देह ठेवला. मिरजेस आणून त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. तेथील उरुसात दरवर्षी चिंचेच्या झाडाखाली गवई हजेरी लावतात, तेव्हा ती मीरासाहेबांपुढची सेवा असते आणि खाँसाहेबांना वाहिलेली आदरांजलीही असते.

आईवडील मुलांसाठी काय ठेवून जातात, असा प्रश्न आपण विचारतो तेव्हा आपल्यासमोर घर, जमीन, पैसा आणि नाव या गोष्टी येतात. अब्दुल करीम खाँ आपल्या मुलांना नावसुद्धा देऊ शकले नाहीत. निदान ते टिकले नाही. त्यांनी दिला तो फक्त सूर. तो सूर ज्या घरात रुजला ते घर ताराबाईंनी सांभाळले आणि मुले घेऊन एकटीने बाहेर पडल्यावरही त्यांनी तो विझू दिला नाही. म्हणून किराणा घराण्याच्या इतिहासात खाँसाहेबांच्या नावाशेजारी या बाईचे नाव लिहिले जावे असे मला मनापासून वाटते. दोघांच्या वाटा १९२२ साली वेगळ्या झाल्या. पण हिराबाईंची एखादी जुनी ध्वनिमुद्रिका लावावी आणि तिच्यानंतर लगेच खाँसाहेबांची झिंजोटी ऐकावी. महाविद्यालयातल्या आपल्या पिढीला हे दोन्ही आवाज आज हातातल्या फोनवरही मिळतात. ऐकताना माने, बडोदेकर आणि खाँ ही आडनावे गळून पडतात आणि एकाच घरातली माणसे गात आहेत, एवढेच कळते.